बाईंची नामनिर्देशित आकृती

नाशिकमध्ये भाड्याचं घर शोधताना लोकांनी आम्हाला जात विचारली, खाणं विचारलं, नवऱ्याचा पगार विचारला, गावाकडून पाहुणे किती येतात तेही विचारलं. घरमालकीण बाईंनी विचारलं, "तपांबर संपतं आणि स्थितांबर सुरू होतं, त्या मधल्या पट्ट्याला काय म्हणतात?"

आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. नवरा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. भूगोलाशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपलेला. शेवटी नवरा चाचरत म्हणाला, "सीमारेषा?"

"तपस्तब्धी," बाई म्हणाल्या. "पण मध्ये काहीतरी सीमा असते एवढं तरी कळलं. सामान कधी आणताय?"

उपनगरच्या आमच्या कॉलनीत बाईंची ती इमारत सगळ्यांना ठाऊक होती. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागायचा नाही, "भूगोलाच्या बाई" एवढं पुरायचं. बाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तो इमारतीत आणला. मिस्टर रेल्वेत होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या कमाईतून उभी राहिलेली तळमजला अधिक दोन मजल्यांची ती इमारत म्हणजे बाईंच्या लेखी वातावरणाचे थर होते. तळमजला तपांबर, पहिला मजला स्थितांबर, दुसरा मध्यांबर, गच्ची आयनांबर. आणि गच्चीवरच्या लोखंडी शिडीने चढून गेलं की जी पाण्याची टाकी लागायची, ते बाह्यांबर. त्यापुढे अवकाश.

तळाशी, जिन्याशेजारी, शाळेने काढून टाकलेला एक जुना फळा त्यांनी भिंतीला ठोकला होता. त्यावर रंगीत खडूंनी हे सगळे थर काढलेले, आणि प्रत्येक थराला बाण करून तिथे राहणाऱ्याचं नाव. सर्वांत वर, आयनांबरापुढे नुसतं लिहिलेलं, 'मी'. कुणाच्या पिशवीचा धक्का लागून आकृती पुसली की बाई खाली येऊन ती परत काढायच्या. परीक्षेत उत्तर कितीही बरोबर असो, आकृती नसेल तर त्या एक गुण कापायच्या म्हणे. आकृतीही कशी, तर सुबक आणि नामनिर्देशित. त्यांचे जुने विद्यार्थी, आता स्वतः टक्कल पडलेले, भेटायला आले की त्या एका गुणाबद्दल अजून भांडायचे.

आम्ही तपांबर. म्हणजे बाई आम्हाला हाकच तशी मारायच्या. गच्चीच्या कठड्यावरून आवाज यायचा, "ए तपांबर! पाणी आलं का गं?" सुरुवातीला मला लाज वाटायची, रस्त्याने जाणारे बघायचे. नंतर सवय झाली आणि पुढे तर बाजारात कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर वळून बघायला मला क्षणभर उशीर व्हायला लागला.

"हवामान सगळं तपांबरातच घडतं," त्या म्हणायच्या. "ढग, वारा, विजा, गारपीट." हे त्या आमच्या भांडणांकडे बघून म्हणायच्या. आमचं नवीन लग्न, दोघंही तापट, आणि भिंती पातळ. स्थितांबरात बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहायचे, ते कधी दार लावतात आणि कधी उघडतात याचाही आवाज यायचा नाही. बाईंच्या मते म्हणूनच विमानं तिथून उडतात. मध्यांबरात क्लासचे एक सर होते, भयंकर तिरसट. संक्रांतीला गच्चीवरून तुटलेले पतंग त्यांच्या गॅलरीत पडायचे आणि सर ते टराटरा फाडायचे. बाईंना त्यात काही गैर वाटायचं नाही. उल्का मध्यांबरातच जळतात, त्या खाली पोचल्या तर तुमचं काय होईल, असं त्या रडणाऱ्या पोरांना समजवायच्या. पोरं अजून जोरात रडायची.

मोबाइल आल्यावर बाईंनी ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'वातावरण'. त्यावर सकाळीच निरोप यायचा, "तपांबरात लसणाची फोडणी जळाली आहे. वरच्यांनी खिडक्या लावाव्यात." मी दातओठ खात फोडणी परत करायची.

बाई स्वतः मात्र गच्चीवरच्या खोलीत राहायच्या. एक खोली, वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यात तिथे पाऊल ठेववत नसे. एवढी तीन मजली इमारत नावावर असताना ही बाई पत्र्याखाली का भाजून घेते, हे कॉलनीला कोडं होतं. भाड्याच्या लोभाने, असं काही जण म्हणायचे. मीही एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "आयनांबरात तापमान वाढणारच. पुस्तकात आहे."

खोली सोडून उरलेल्या गच्चीवर त्यांनी कुंड्या, फुटके टब आणि पोती ठेवली होती. दोडका, घेवडा, मखमलाबादहून आणलेली झेंडूची रोपं, मांडवावर चढलेला कारल्याचा वेल. स्लॅबचा टीचभर भाग उघडा नव्हता. हा आमचा ओझोन आहे, असं त्या सांगायच्या. ऊन तो आपल्या अंगावर घेतो म्हणून खालचे जगतात. माझ्या नवऱ्याला एकदा कुठून तरी माहिती मिळाली आणि त्याने बाईंना खिंडीत गाठलं. "पण बाई, ओझोन तर स्थितांबरात असतो. म्हणजे पहिल्या मजल्यावर."

बाई जराही गडबडल्या नाहीत. "त्याची बदली झालीय," त्या म्हणाल्या.

मात्र खरं सांगायचं तर त्यांच्या त्या ओझोनमुळे मध्यांबरातले तिरसट सर ऐन वैशाखात पंख्याखाली सुखाने झोपायचे. आजूबाजूच्या इमारतींतले वरच्या मजल्यावरचे लोक ओल्या चादरी अंगावर घेऊन तळमळायचे.

मी नोकरीत एकदा फार अडचणीत होते. ऑफिसात नवे साहेब आले होते, माझ्या प्रत्येक कामात खोट काढायचे आणि घरी आल्यावर मी नवऱ्यावर उखडायची. एका संध्याकाळी भांडण विकोपाला गेलं. मी पाय आपटत जिना चढून वर गेले ती थेट बाईंच्या गच्चीवर. बाई झारीने पाणी घालत होत्या. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. म्हणाल्या, "हात पुढे कर." मी केला. "या तळहातावर आत्ता हवेचा केवढा ढीग आहे माहितीये? इथून थेट अवकाशापर्यंतचा. कित्येक किलो. मग हात खाली का जात नाही?"

मी म्हटलं, "का?"

"खालून, आतून, सगळीकडून तेवढाच दाब उलट आहे म्हणून. वरचं वजन कमी करता येत नाही गं. आतला दाब राखायचा. घे, ते दोडके तोड."

मी रडत रडत दोडके तोडले. साहेब पुढे बदलून गेले, पण ते दोडके माझ्या लक्षात राहिले. आजही कुणी फार डोक्यावर बसायला लागलं की मी नकळत तळहात पुढे करून बघते.

थंडीत बाईंचा अवतार बघण्यासारखा असायचा. निफाडला पारा उतरला की आमच्याकडेही दात वाजतात. बाई सुती नऊवारी नेसायच्या, त्यावर लोकरी ब्लाऊज, त्यावर मिस्टरांचा रेल्वेतला स्वेटर, त्यावर शाल आणि सगळ्यांत वर कानटोपी. कुणी हसलं तर त्या एकेक वस्त्र बोटाने दाखवून थरांची नावं सांगायच्या. "अंबर म्हणजे आकाश आणि अंबर म्हणजे वस्त्र. दोघांना एकच शब्द का असेल?" मग स्वतःच सांगायच्या, "कारण दोघांचं काम एकच. उघड्याला झाकणं. या पृथ्वीच्या अंगावर ही पांघरुणं नसती ना, तर दिवसा पोळून आणि रात्री गारठून केव्हाच मेली असती बिचारी." बिचारी हा शब्द त्या अशा सुरात म्हणायच्या, जणू पृथ्वी शेजारच्या गल्लीत राहते.

माझी लेक त्या घरातच जन्मली आणि बोलायला लागल्यापासून तिला मजले हा शब्दच माहीत नव्हता. त्यातूनच मामांचा तो प्रसंग घडला. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, सटाण्याजवळ शेती करतात. नाशिकला आले की कांदे, मेथी, डाळिंबं असं काही ना काही घेऊन येतात आणि त्यातला वाटा न चुकता बाईंना देतात. एका रविवारी ते आले तेव्हा मी भाजी आणायला गेले होते, नवरा अंघोळीला होता. दार लेकीने उघडलं. ती तेव्हा पहिलीत होती. मामांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "बाई कथी शे?"

"आजी बाह्यांबरात गेल्या," लेक म्हणाली.

मामांच्या हातातली पिशवी खाली गेली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "आरे आरे आरे! कव्हय?"

"आत्ताच. दुपारी येतील."

मी परत आले तेव्हा मामा दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते, डोळे ओले. मला बघून म्हणाले, "पोरी, वाईट जयं. भली बाई व्हती. आन ही पोर सांगस, दुपारले येई! लहान लेकरूले काय सांगवा?" सकाळी तर बाईंचा निरोप ग्रुपवर आलेला. तेवढ्यात वरून, अगदी वरून, खणखणीत आवाज आला, "ए तपांबर! टाकी धुऊन झाली, झाकण लावायला कुणाला तरी पाठव, माझ्याच्यानं सरकत नाहीये!"

मामा ताडकन उभे राहिले आणि आधी मागे सरकले. शिडीवरून पदर खोचून बाई उतरताना दिसल्या तेव्हा ते हसत सुटले ते थांबेचनात. तेव्हापासून त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई खाले शे, का बाह्यांबरमा?"

मग काही वर्षांनी बाई जिन्यात बसायला लागल्या. दूध घेऊन चढताना मध्यांबराच्या वळणावर पायरीवर टेकायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "निरीक्षण चाललंय." पण त्यांच्या श्वासाची शिट्टी खाली आमच्या दारापर्यंत ऐकू यायची. हाका बंद झाल्या. ग्रुपवरचे निरोपही आखूड झाले. एका दुपारी त्या पायरीवरून उठूच शकल्या नाहीत, तेव्हा त्यांना खोलीत नेऊन मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "फुप्फुसं थकलीत. जिना बंद, पत्र्याखाली राहणं बंद. नाहीतर हा उन्हाळा त्यांना झेपणार नाही."

मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. वर पत्रा तापून कडकड वाजत होता.

"तळमजल्यावर या," मी म्हटलं. "आमच्या घरात."

"तपांबर भाड्याने दिलंय मी."

"भाडेकरूच सांगतेय ना."

"आणि वर कोण? कुंड्या वाळतील, मांडव पडेल. मध्यांबरातले सर भाजून निघतील. आधीच तिरसट आहेत." मग त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या आणि असं त्या माझ्याशी त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. "लहानपणी आमचं घर पत्र्याचं होतं. एका बाजूने गळायचं. आई त्या गळतीखाली झोपायची आणि आम्हा भावंडांना कोरड्या बाजूला ढकलायची. थंडीतसुद्धा. आम्हाला वाटायचं, तिला ती जागा आवडते. पुढे शाळेत वातावरणाचे थर शिकले तेव्हा मला एकदम आई आठवली. सगळ्यांत वर कुणीतरी राहावं लागतं गं. मी उतरले तर मग मी कोण?"

मला फार भरून आलं आणि रागही आला. ही बाई इथेच मरेल आणि ते आपलं कर्तव्य समजेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. विनवण्यांनी ती हलणार नव्हती. मग मला सुचलं.

"बाई, वातावरणातली बहुतेक हवा कुठल्या थरात असते?"

"तपांबरात. हा काय प्रश्न आहे?"

"आणि वर वर जावं तशी?"

"विरळ होत जाते."

"मग ज्याला श्वास पुरत नाही, त्याने कुठल्या थरात राहावं?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. पत्रा वाजत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे." आणि लगेच, "पण वर कोण?"

"आम्ही."

"उकडेल."

"उकडू दे."

"कुंड्यांना उन्हाळ्यात दोनदा पाणी लागतं. कारल्याला जास्त."

"घालीन."

"दहापैकी नऊ," त्या म्हणाल्या. "आकृती काढली नाहीस."

बाईंना खुर्चीत बसवून माझा नवरा आणि मध्यांबरातले तिरसट सर यांनी उचलून खाली आणलं. स्थितांबरातले काका पुढे चालत होते, एकही शब्द न बोलता पायऱ्यांवरच्या चपला बाजूला करत. आणि खुर्चीत बसलेल्या बाईंचं धापा टाकत शिकवणं चालू होतं. "मध्यांबर. सगळ्यांत थंड थर. सर, इथे जळतात हं उल्का, जपून." सर पहिल्यांदाच हसले आणि खुर्ची हलली. "स्थितांबर. बघा, किती शांत." शेवटच्या वळणावर त्यांनी हात वर केला, खुर्ची थांबवायला लावली. "तपस्तब्धी," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "चला."

खाली आल्यावर त्यांनी आधी खुर्ची फळ्याजवळ न्यायला सांगितली. खुर्चीतूनच त्यांनी आमची नावं तपांबरापुढून पुसली आणि तिथे लिहिलं, 'मी'. वरच्या थरापर्यंत त्यांचा हात पोचेना. खडू त्यांनी माझ्या हातात दिला. मी आयनांबरापुढचं जुनं पुसून नवा बाण काढला आणि आमची नावं लिहिली. माझा बाण वाकडा आला. बाई काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत फारच मोठं कौतुक होतं.

बाई त्यानंतर दोन उन्हाळे जगल्या. डॉक्टरांनी एकाचीही खात्री दिली नव्हती. पत्र्याखालचा पहिला मे महिना मला अजून आठवतो. नवरा रोज ओरडायचा, मी रोज ओरडायची, आणि संध्याकाळी दोघंही मुकाट्याने कुंड्यांना पाणी घालायचो. खाली बाई दारात खुर्ची टाकून बसायच्या. भाजीवाल्या, पोरं, कुत्री, सगळ्यांशी गप्पा. तपांबरात इतकी मजा असते हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, अशी त्यांनी तक्रारही केली. आवाज थोडा परत आला तसा त्या मान वर करून हाक मारायच्या, "ए आयनांबर! तुझ्या कारल्याचं पान खाली पडलंय!" ग्रुपवर निरोप यायला लागले, "वरून फोडणीचा वास येतो आहे. छान आहे." बुद्धपौर्णिमेला त्या खीर करायच्या आणि प्रत्येक थरात वाटी पोचवायला लावायच्या, माझी मात्र सर्वांत मोठी. वर राहणाऱ्याला जास्त लागतं, हे कारण.

एकदा मी त्यांच्याजवळ बसले होते. त्या म्हणाल्या, "खाली वजन फार असतं गं. सगळ्यांचं येतं अंगावर."

"आतून दाब आहे ना बाई तेवढाच?"

त्यांनी माझा तळहात धरला, जरा उचलून बघितला. "आहे," म्हणाल्या. "आता आहे."

त्या थंडीच्या दिवसांत गेल्या. सकाळी मी चहा घेऊन खाली उतरले तर त्या दारातल्या खुर्चीत, उन्हात बसलेल्या. सुती लुगडं, लोकरी ब्लाऊज, मिस्टरांचा स्वेटर, शाल, कानटोपी. सगळी अंबरं जागच्या जागी. मी दोनदा हाक मारली. मग शेजारी बसून राहिले. चहा माझ्या हातातच गार झाला.

मग लोक जमायला लागले. कॉलनीतल्या बायकांनी हळू आवाजात त्रिशरण सुरू केलं. तिरसट सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी वर जाऊन एकेकाला फोन करत होते. बाईंच्या भाच्याला सांगितलं, जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी 'वारल्या' हा शब्द ढकलून बाहेर काढावा लागायचा. तेवढ्यात मामांचाच फोन आला. त्या दिवशी ते मेथी घेऊन नाशिकला यायचे होते. मागे त्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"काय पोरी! बाई खाले शे, का बाह्यांबरमा?"

मी तोंड उघडलं. तो दुसरा शब्द काही केल्या येईना. समोर कारल्याचा वेल होता, त्यापलीकडे टाकी आणि त्यापलीकडे नुसतं निळं आकाश.

"बाह्यांबरात गेल्या, मामा," मी म्हटलं.

मामा खळखळून हसले. "मंग काय! येई जाई दुपारले," म्हणाले. आणि बाईंसाठी मेथीची एक जुडी बाजूला काढून ठेवतो असं सांगून त्यांनी फोन ठेवला.